किमान शिक्षेच्या बंद्यांची दयेची फाईल उघडायची कोणी?

संपादक महोदय,

रेल्वेत पकडलेला गांजा १९ किलो ९०० ग्रॅम भरला, तर शिक्षा किती द्यायची हे सत्र न्यायाधीश ठरवतात. कायद्याने वरची मर्यादा १० वर्षांची घातली आहे, खालची घातलेलीच नाही. आरोपी पहिल्यांदाच सापडला, माल दुसऱ्याचा होता, याला फक्त पोचवण्याची मजुरी मिळणार होती, हे पटले तर एक-दोन वर्षांची शिक्षाही कायद्यात बसते. तोच काटा २० किलो १०० ग्रॅमवर थांबला की यातले काहीही विचारात घेण्याची सोय उरत नाही. किमान १० वर्षे सक्तमजुरी, कमाल २० वर्षे आणि दंड कमीत कमी १ लाख रुपये. फरक २०० ग्रॅमचा.

नागपूरला हा प्रश्न दूरचा नाही. ओडिशा-आंध्रच्या सीमेवरून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे जाणारा माल याच शहरातून जातो, म्हणून तो पकडलाही इथेच जातो. पकडला जातो तो बहुतेक वेळा पोते वाहणारा. माल ज्याचा असतो तो त्या डब्यात नसतो. आपल्या पानांवर ‘गांजा तस्कराला दहा वर्षे’ ही बातमी येते, त्यानंतर त्या माणसाचे काय होते आणि काय व्हायला हवे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

पहिला गट या गांजाच्या बंद्यांचा. आधी वजनाबद्दल. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. प्रत्यक्षात पंचनाम्याच्या वेळी पोत्यातून जे निघते ते सगळे, देठ, काड्या, पाने, बिया, एकत्र काट्यावर चढते. माल ओला असेल तर पाण्याचेही वजन धरले जाते. काही महिन्यांनी तोच माल वाळून हलका झालेला असतो, पण खटल्यात पहिला आकडा कायम राहतो. कुठे कुठे पोते आणि दोरीसुद्धा वेगळी काढलेली नसते. ब्राऊन शुगरच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉईनच्या, बाबतीत २०२० च्या हिरा सिंग निकालाने मिसळलेल्या निरुपद्रवी भुकटीचे वजनही मोजायचे ठरवले. व्यावसायिक प्रमाण, म्हणजे ज्या वजनाला ही किमान शिक्षा लागते ते, हेरॉईनसाठी २५० ग्रॅमच्या पुढे सुरू होते. पुडीत खरे हेरॉईन चिमूटभर असले तरी एकूण २६० ग्रॅम भरले की १० वर्षे. वजनाच्या या चुका खटल्यात मांडायच्या असतात हे खरे, पण गरीब आरोपीच्या खटल्यात त्या बऱ्याचदा मांडल्याच जात नाहीत आणि अपिलात त्यांना उशीर झालेला असतो.

दुसरा गट पॉक्सोचा, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचा. इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्यांसाठी आम्ही एक शब्दही मागत नाही. प्रश्न आहे तो सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा घरातून निघून गेले, लग्न केले, मूल झाले, अशा प्रकरणांचा. १८ वर्षांखालील संमती कायदा मानत नाही. मुलगी गरोदर राहिली की कलम ५ (जे)(२) लागते आणि साधा गुन्हा ‘गंभीर’ प्रवर्गात जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ६ खाली किमान शिक्षा २० वर्षे आहे. निकालाच्या दिवशी ती मुलगी मूल कडेवर घेऊन कोर्टात उभी असली तरी न्यायाधीशांना १९ वर्षे लिहिता येत नाहीत. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय तेच ठेवावे, पण १६ ते १८ वयोगटातील अशा प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना मर्यादित मोकळीक द्यावी, असे सुचवले. कायद्यात ती आलेली नाही. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवूनही अनुच्छेद १४२ चा खास अधिकार वापरून शिक्षा दिली नाही. त्या मुलीला गुन्ह्यापेक्षा नंतरच्या पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांचा त्रास अधिक झाला, असे न्यायालयाने नोंदवले. हा अधिकार फक्त दिल्लीतल्या त्या एका न्यायालयाला आहे. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाला तो नाही, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठालाही नाही.

तिसरा गट सर्वांत जुना. खुनाला कमीत कमी शिक्षा जन्मठेप. भांडणात दहा जण होते, एकाने वार केला, बाकी समान उद्देशाच्या किंवा बेकायदा जमावाच्या कलमाखाली आले, तरी सर्वांना तीच जन्मठेप. कोण कडेला उभा होता हे शिक्षेत दिसत नाही.

सक्तीच्या फाशीवर न्यायालयांनी टाच आणली आहे. १९८३ च्या मिठू निकालाने भारतीय दंड विधानाचे कलम ३०३ रद्द झाले. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एनडीपीएसमधील सक्तीची फाशी ऐच्छिक ठरवली, तर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र कायद्यातील सक्तीची फाशी मोडीत काढली. सक्तीच्या किमान कारावासाला मात्र असा दिलासा नाही. मध्य प्रदेश विरुद्ध विक्रम दास या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की किमान शिक्षा ठरलेली असेल तर उच्च न्यायालयालाही तिच्याखाली जाता येत नाही.

मग माणूस पाहून शिक्षा तोलण्याचे काम कोणी करायचे? कायद्याचे उत्तर आहे: राज्य शासनाने आणि राज्यपालांनी. ते काम होत नाही, किंवा होते तेव्हा आंधळेपणाने होते, ही आमची तक्रार आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७३ शासनाला शिक्षेचा उरलेला भाग माफ करू देते. कलम ४७४ शिक्षा बदलून कमी करू देते आणि तिथे आकडे लिहिलेले आहेत: जन्मठेपेची शिक्षा कमीत कमी ७ वर्षांच्या कारावासात बदलता येते, ७ वर्षे किंवा त्याहून अधिकची शिक्षा कमीत कमी ३ वर्षांत. म्हणजे पॉक्सोच्या त्या मुलाची २० वर्षांची शिक्षा शासनाला आजच्या कायद्यानेच बरीच खाली आणता येते, नवा कायदा लागत नाही. कलम ४७५ मात्र एक अडसर घालते. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यात जन्मठेप झाली असेल, तर १४ वर्षे प्रत्यक्ष कारावास भोगल्याशिवाय सुटका नाही. ही अट १९७८ मध्ये जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ म्हणून आली.

गांजाच्या बंद्याला यातले कोणतेच कलम लागत नाही, आणि नातेवाइकांना हे बहुतेक वेळा उशिरा कळते. एनडीपीएसच्या कलम ३२-अ ने शिक्षा स्थगित करणे, माफ करणे आणि कमी करणे या तिन्हींना बंदी घातली. २००० सालच्या दादू विरुद्ध महाराष्ट्र या निकालाने फक्त न्यायालयाचा स्थगितीचा अधिकार परत आणला. माफीवरची बंदी राहिली. म्हणून चोरी-दरोड्यात १० वर्षे झालेला बंदी चांगल्या वर्तणुकीची आणि कामाची माफी, म्हणजे शिक्षेतून वजा होणारे दिवस, जमवून बराच आधी बाहेर पडतो, आणि त्याच बराकीत, त्याच सुतारखान्यात काम करणारा गांजाचा बंदी पूर्ण १० वर्षे काढतो. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ऑगस्ट २०२२ पासून तीन टप्प्यांत जी विशेष माफी दिली गेली, तिच्यातूनही एनडीपीएस आणि पॉक्सोचे बंदी सरसकट वगळले होते.

दंडाचेही तसेच. १ लाख न भरल्यास वाढीव कैद भोगावी लागते, आणि शरद कोलंबे विरुद्ध महाराष्ट्र या २०१८ च्या निकालाप्रमाणे दंडाबद्दलच्या अशा कैदा एकत्र भोगता येत नाहीत, एकामागून एक भोगाव्या लागतात. केंद्राची २०२३ ची गरीब बंदी साहाय्य योजना सिद्धदोष बंद्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत देते, पण एनडीपीएसचे बंदी तिच्यातही बसत नाहीत. २००७ च्या शांतिलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने एनडीपीएसच्याच एका गरीब बंद्याची १ लाखाच्या दंडाबद्दलची ३ वर्षांची कैद ६ महिन्यांवर आणली होती. अपिलात निदान हा मुद्दा तरी वकिलाने घ्यायलाच हवा. तो राहून जातो तेव्हा फार वाईट वाटते, कारण तो घ्यायला काहीच खर्च लागत नाही.

उरतात संविधानाचे अनुच्छेद ७२ आणि १६१. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्या या अधिकाराला साध्या कायद्याने कुंपण घालता येत नाही, हे घटनापीठाने १९८० च्या मारू राम निकालातच सांगितले. २०२१ च्या हरियाणा विरुद्ध राजकुमार या निकालात तर १४ वर्षे पूर्ण झाली नसतानाही अनुच्छेद १६१ खाली विचार करता येतो, असे म्हटले. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. २०२२ च्या पेरारिवलन निकालात सल्ला येऊनही फाईल दाबून ठेवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. म्हणजे खरी जबाबदारी मंत्रालयातल्या गृहविभागाची.

महाराष्ट्राला हा अधिकार नवा नाही. नौदल अधिकारी नानावटी यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली होती. न्यायालयापुढे त्याहून कमी शिक्षा नव्हतीच. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. ती माफी योग्य होती की नव्हती, यावर आजही वाद होतो. पण त्यांच्यासाठी बोलणारे पुष्कळ होते, वृत्तपत्रे होती. पोते वाहणाऱ्या बाईसाठी बोलणारे कोणी नाही. तिच्याकरिता व्यवस्थेनेच बोलले पाहिजे.

आता फाईल कशी चालते आणि कुठे अडते ते सांगतो, कारण दुरुस्ती तिथेच करायची आहे.

पहिली अडचण कालगणनेची. अटकेपासून निकालापर्यंतचा कोठडीचा काळ शिक्षेतून वजा होतो. १९८५ च्या भगीरथ निकालापासून तो जन्मठेपेच्या बंद्यालाही मिळतो. पण वॉरंटवर अटकेची, जामिनाची आणि पुन्हा हजर झाल्याची तारीख नीट नसेल तर कारागृहाचा लिपिक तो काळ धरत नाही, आणि त्याची काही चूकही नसते. संचित रजा (फर्लो) शिक्षेत मोजली जाते, अभिवचन रजा (पॅरोल) मोजली जात नाही. जानेवारी २०२३ च्या रोहन धुंगट निकालाने १४ वर्षांच्या प्रत्यक्ष कारावासातून पॅरोल वगळायचा हे पक्के केले, आणि त्याच वर्षी कोविडच्या तातडीच्या रजेबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. उदाहरण घ्या: अटकेला १५ वर्षे झाली, त्यात २ वर्षे जामिनावर, ८ महिने कोविडच्या रजेवर. घरचे लोक १५ वर्षे मोजून अर्ज करतात. हिशेबात १२ वर्षे ४ महिनेच निघतात आणि अर्ज परत येतो. येरवड्याहून किंवा अमरावतीहून बदलून आलेल्या बंद्याचे हिस्ट्री तिकीट (कारागृहातील नोंदपत्रक) आणि माफीचा तक्ता मागे राहिला असेल तर आधीच्या वर्षांची माफी हिशेबात येतच नाही.

दुसरी अडचण अहवालांची. प्रस्ताव अधीक्षक तयार करतात. त्याला पोलिसांचा अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांचे मत, परिविक्षा अधिकाऱ्याची गृहचौकशी आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाच्या पीठासीन न्यायाधीशांचे मत लागते. पोलिसांचा अहवाल ठरावीक वाक्याचा असतो: सोडल्यास शांतताभंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही. कशावरून, ते लिहिलेले नसते. बंदी ओडिशाचा असेल तर तिथल्या ठाण्याचा अहवाल महिनोन्‌महिने येत नाही आणि पाठपुरावा कोणी करायचा हे ठरलेले नसते. ज्या न्यायाधीशांनी खटला चालवला ते बदलून गेलेले असतात. नवे न्यायाधीश निकालपत्र वाचून ‘गुन्हा गंभीर आहे, शिफारस नाही’ असा शेरा देतात. २०२२ च्या रामचंदर विरुद्ध छत्तीसगड निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच नाकारले. मत सकारण हवे, आणि २००० सालच्या लक्ष्मण नसकर निकालातील पाच प्रश्नांना धरून हवे: गुन्हा व्यक्तिगत होता की समाजाला धक्का देणारा, तो पुन्हा घडण्याची शक्यता किती, बंद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, त्याला आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, आणि त्याच्या कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती काय. या पाच प्रश्नांचा छापील नमुना जिल्हा न्यायालयाकडे प्रस्तावासोबत गेला तरी निम्मे काम सुधारेल, असे आम्हाला वाटते.

तिसरी अडचण कोणते धोरण लावायचे याची. जन्मठेपेच्या बंद्यांसाठी राज्याच्या १९९२, २००८ आणि २०१० च्या वेगवेगळ्या मार्गदर्शक सूचना आहेत. गुन्ह्याचा प्रकार पाहून प्रवर्ग ठरतो आणि प्रवर्गाप्रमाणे वर्षे. दोषसिद्धीच्या दिवशी लागू असलेले धोरण लावावे, नंतरचे अधिक उदार असेल तर त्याचा लाभ द्यावा, हे २०१० च्या हरियाणा विरुद्ध जगदीश निकालाने ठरले आहे. तरी चुकीच्या सूचनेखाली प्रवर्ग लावलेले प्रस्ताव येतातच. वृद्ध आणि अशक्त बंद्यांसाठीची १० जानेवारी २००६ ची अधिसूचना आणि नंतरचे बदल यांवरून नागपूरच्याच कारागृहातील एका गाजलेल्या बंद्याचे प्रकरण एप्रिल २०२४ मध्ये खंडपीठाने त्याच्या बाजूने दिले आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. गाजलेला बंदी वकील लावून दिल्लीपर्यंत जातो. त्याच नियमात बसणारा, मेडिकल रुग्णालयाच्या ओपीडीत बेडीसह बसलेला सत्तर वर्षांचा म्हातारा जात नाही.

याहूनही मोठी अडचण ही, की ठरावीक मुदतीची किमान शिक्षा भोगणाऱ्यांसाठी धोरणच नाही. १८ फेब्रुवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जिथे मुदतपूर्व सुटकेचे धोरण आहे तिथे पात्र बंद्यांचा विचार शासनाने स्वतः करावा, बंद्याच्या अर्जाची वाट पाहू नये. निर्णय सकारण असावा, तो बंद्याला कळवावा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने त्यावर लक्ष ठेवावे. जन्मठेपेच्या बंद्यांना याचा उपयोग होईल. पॉक्सोच्या २० वर्षांच्या आणि गांजाच्या १० वर्षांच्या बंद्याला होणार नाही, कारण त्याच्यासाठी लिहिलेले काही नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी. ९ डिसेंबर २०२४ ला, पुण्याच्या एका खटल्यातल्या दयेच्या अर्जांना झालेल्या विलंबावर निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला फाशीच्या बंद्यांचे अर्ज वेळेत हाताळण्यासाठी स्वतंत्र कक्ष नेमायला सांगितले. बंद्याची पार्श्वभूमी, कुटुंब, आर्थिक स्थिती, कोठडीचा काळ ही माहिती कारागृहाने तत्काळ कक्षाकडे पाठवायची, असा तो क्रम आहे. हाच कक्ष, हाच क्रम किमान शिक्षेच्या बंद्यांसाठी लावावा. वेगळी यंत्रणा उभारायची गरज नाही. १० वर्षे किंवा अधिक किमान शिक्षा झालेल्या प्रत्येक बंद्याचे, निम्मी शिक्षा संपली की, एक पुनरावलोकन व्हावे. ते करताना अंतिम शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालपत्रात ‘किमान मर्यादेमुळे यापेक्षा कमी देता आली नाही’ असे काही लिहिले आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. सत्र न्यायाधीशांनाही आमची विनंती आहे: आरोपीचा वाटा लहान होता असे वाटत असेल तर शिक्षेच्या परिच्छेदात ते दोन ओळींत जरूर लिहा. दहा वर्षांनी फाईल वाचणाऱ्या माणसाला दुसरा आधार नसतो.

एनडीपीएसच्या बंद्यांसाठी हेच पुनरावलोकन अनुच्छेद १६१ चा प्रस्ताव म्हणून पुढे जाईल, बाकीच्यांसाठी कलम ४७४ चा. ज्याच्याकडे पैसा, वाहन, साखळीचा पुरावा सापडला, जो दुसऱ्यांदा त्याच गुन्ह्यात आला, त्याला यातून बाहेर ठेवा. याला आमचा विरोध नाही. शहरात एमडी या अमली पदार्थाने जी घरे उद्ध्वस्त केली त्यांचा राग आम्ही समजतो. तो राग माल विकून बंगले बांधणाऱ्यांवर आहे, आणि असायला हवा.

पीडितांबद्दल थोडे. ८ जानेवारी २०२४ च्या बिल्किस बानो निकालाने दाखवून दिले की चुकीच्या शासनाने, चुकीच्या धोरणाखाली दिलेली माफी पीडितेवर दुसरा अन्याय असते. म्हणून खुनाच्या प्रकरणात मृताच्या घरच्यांना नोटीस जावी, त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे. पॉक्सोच्या प्रकरणात मुलगी आता सज्ञान असते. तिचे म्हणणे महिला अधिकाऱ्याने एकटीला भेटून घ्यावे, सासरच्या किंवा माहेरच्या कोणासमोर नाही. ती नको म्हणाली तर ते मत फाईलवर तसेच जावे.

अर्ज करणाऱ्या कुटुंबांसाठी काही नेमक्या गोष्टी. शिक्षा झालेल्याला निकालपत्राची प्रत मोफत मिळते, ती घ्याच. अधीक्षकांकडून कोठडी प्रमाणपत्र आणि माफीचा तक्ता मागा आणि दोन्हींतल्या तारखा वॉरंटशी स्वतः जुळवून पाहा. चूक असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या, मग अर्ज करा. कलम ४७३ चा अर्ज बंद्याने स्वतः अधीक्षकांमार्फत करायचा असतो. नातेवाइकाने केला तर बंदी कारागृहात असल्याचे त्यात लिहावे लागते. ते वाक्य राहिले म्हणून अर्ज अडतो. सोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, आजार असेल तर मेडिकलचे कागद, आणि सुटल्यावर कुठे राहणार, काय काम करणार याचे कोणाचे तरी लेखी हमीपत्र. पीडित कुटुंबाकडे सहीसाठी जाऊ नका, तो दबाव मानला जाईल. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. उच्च न्यायालयात अपील प्रलंबित असेल तर शासन सहसा थांबते. १९६० मध्ये नानावटी प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने, प्रकरण आपल्यापुढे असताना राज्यपालांना शिक्षा स्थगित करता येणार नाही असे म्हटले होते. अपिलाची सुनावणी लवकर व्हावी असा अर्ज म्हणूनच आधी करावा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, दोषसिद्धीनंतरही मिळतो आणि माफीच्या अर्जासाठीही मिळतो. अर्ज नाकारला तर कारणांची प्रत मागा. कारणे नसलेला नकार खंडपीठात टिकत नाही, आणि तिथून प्रकरण फेरविचाराला परत येते.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, कारागृह विधानभवनापासून काही किलोमीटरवर आहे. विदर्भातल्या आमदारांनी या अधिवेशनात गृहविभागाकडे तीन गोष्टींची माहिती लेखी मागावी: राज्यात १० वर्षे किंवा अधिक किमान शिक्षा भोगणारे बंदी कायद्यानुसार किती, गेल्या पाच वर्षांत कलम ४७४ किंवा त्याआधीचे कलम ४३३ आणि अनुच्छेद १६१ खाली त्यांच्यापैकी किती जणांचे प्रस्ताव मंत्रालयात पोचले, आणि त्यांतले किती निकाली निघाले, किती दिवसांत. उत्तरे आली की ती आपण छापावीत, ही विनंती.

आपले,
विधी साहाय्याचे काम करणारे काही वकील
नागपूर